रक्तदाबाचा खालचा आंकडा

जमिनीचा सातबारा हातीं आला म्हणजे शहाणा खरेदीदार खातेदाराचें नांव वाचून थांबत नाहीं. तो 'इतर हक्क' या रकान्याकडे आधीं वळतो. कारण सोसायटीचा बोजा, कुळाचा हक्क, जें कांहीं पुढें गळ्यांत पडावयाचें तें तेथें नोंदलेलें असतें. महसूल खात्यांत कारकुनी करितांना हा उपदेश आम्हीं किती जणांस केला असेल याची गणती नाहीं. परंतु स्वतःच्या शरीराचा उतारा हातीं आला तेव्हां आम्हींच पहिला आंकडा वाचला, आणि कागदाची घडी घालून तो खिशांत ठेविला. त्या चुकीचें काय झालें, व तिच्यापासून आम्ही काय शिकलों, तें आमच्या शेतकरी बंधूंपुढें मांडावें एवढाच या लेखाचा हेतु आहे. आम्ही वैद्य नव्हों. आमचें शिक्षणहि मराठी शाळेपुरतेंच. तथापि ज्या विषयाची फी आम्हीं स्वतःच्या शरीरानें भरली, तो विषय आम्हीं डॉक्टरांस विचारून व पुस्तकें चाळून जमेल तितका समजून घेतला आहे.

पांच-सहा वर्षांपूर्वींची गोष्ट. कचेरींत एके दिवशीं आरोग्यतपासणी झाली. आमचें वय त्या वेळीं ५३ होतें. चिठ्ठीवर रक्तदाब लिहिला गेला तो १३४/९८. तपासणाऱ्या बाईंनीं सांगितलें कीं, "खालचा जास्त आहे, आठ दिवसांनीं पुन्हां दाखवा." आम्हांस वाटलें, वरचा आंकडा १४० च्या आंत आहे, मग खालच्याचें एवढें काय? डोकें दुखत नव्हतें, चक्कर येत नव्हती, रोज सकाळीं मळ्यापर्यंत पायीं जाऊन येत होतों. चार वर्षें अशींच गेलीं. सेवानिवृत्तीच्या आदल्या वर्षीं सायंकाळीं पायांवर सूज दिसूं लागली, म्हणून डॉक्टरांकडे गेलों. दाब निघाला १५४/१०४. लघवी तपासली तों तींत प्रथिनें जात असल्याचें आढळलें. डॉक्टर म्हणाले, "मूत्रपिंडांस झीज लागली आहे. ती भरून येणार नाहीं. पण आतां जपलेंत तर पुढें वाढूं न देतां येईल." त्या दिवशीं घरीं येऊन जुनी चिठ्ठी शोधून काढली. बोजा चार वर्षांपूर्वींच नोंदलेला होता. वाचला नव्हता, इतकेंच.

खालचा आंकडा म्हणजे काय

हृदय हा एक पंप होय. तें आवळलें म्हणजे रक्त मोठ्या धमनींत लोटलें जातें. त्या क्षणीं धमन्यांत जो दाब चढतो तो वरचा आंकडा. मग हृदय सैल पडतें व पुढच्या ठोक्यासाठीं रक्त आंत भरून घेतें. या विसाव्याच्या काळांत धमन्यांतील दाब उतरत उतरत जेथवर येतो तो खालचा आंकडा. पहिल्यास आकुंचनदाब व दुसऱ्यास प्रसरणदाब म्हणतात, आणि दोन्ही पाऱ्याच्या मिलिमीटरांत मोजतात.

येथें अशी शंका येते कीं, हृदय विसावलें असतां दाब शून्यावर कां येत नाहीं? याचें उत्तर आपल्या पाठीवरच्या फवारणी-पंपांत आहे. दांड्याचा झटका संपला तरी नोझलमधून फवारा चालूच राहतो. कारण पंपाच्या पोटांत एका लहान नळकांड्यांत कोंडलेली हवा झटक्याच्या वेळीं दबते, आणि झटका संपतांच पसरून औषधाचें पाणी पुढें लोटीत राहते. मोठ्या धमन्यांच्या लवचिक भिंती हेंच काम करितात. ठोक्यासरशीं त्या ताणल्या जातात, व हृदय विसावलें असतां आंत येऊन रक्तास पुढें ढकलतात. दोन झटक्यांच्या मध्यें पंपांत उरलेला जो दाब, तोच आपला खालचा आंकडा.

आतां या पंपांत तीन प्रकारें बिघाड संभवतो. नोझलचें छिद्र गाळानें बारीक झालें तर पाणी सुखानें बाहेर पडत नाहीं, आणि दोन झटक्यांच्या मध्यें दाब उतरत नाहीं. शरीरांतील बारीक धमन्या आवळल्या गेल्या म्हणजे खालचा आंकडा चढतो तो असाच. दांडा घाईघाईनें मारला तर दाबास उतरण्यास अवकाशच मिळत नाहीं. नाडी जलद चालली म्हणजे असें होतें. तिसरा प्रकार याच्या उलट आहे. नळकांड्यांतील हवा जाऊन तेथें पाणी भरलें, तर फवारा धक्क्याधक्क्यानें येतो. झटक्यासरशीं जोरानें उसळतो आणि लागलीच मरतो. म्हातारपणीं धमन्या ताठर झाल्या म्हणजे वरचा आंकडा फार चढतो व खालचा उतरतो, तो या कारणानें. हे तीन प्रकार वाचकांनीं ध्यानांत ठेवावे. पुढील विवेचन त्यांवरच उभें आहे.

ही उपमा आमच्या पदरची आहे असें मात्र कोणीं समजूं नये. स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मोपदेशकानें एका घोडीच्या धमनींत नळी बसवून तिला कांचेची उभी नळी जोडली, तेव्हां रक्त ८ फूट ३ इंच उंच चढलें. हा प्रयोग त्यानें इ. स. १७३३ मध्यें प्रसिद्ध केला, आणि धमन्यांस आग विझविण्याच्या बंबांतील हवेच्या भांड्याची उपमाहि त्यानेंच दिली. याच गृहस्थानें त्यापूर्वीं झाडांच्या मुळांतून रस किती जोरानें वर चढतो तें मोजलें होतें, हें शेतकऱ्यांस वाचून कौतुक वाटेल. पुढें १८९६ मध्यें इटलींतील रिव्हा-रोची यांनीं दंडास बांधावयाचा हवेचा पट्टा काढला. परंतु नाडी कधीं थांबते व कधीं परत लागते एवढेंच त्यावरून पाहत असल्यामुळें वरचा आंकडा तेवढा कळे. रशियन शस्त्रवैद्य निकोलाय कोरोत्कोव्ह यांनीं १९०५ मध्यें पट्ट्याखालीं कानाची नळी लावून ऐकण्याची रीत सांगितली. पट्टा सैल करीत असतां ठोक्याचा आवाज जेथें सुरू होतो तो वरचा आंकडा, आणि जेथें नाहींसा होतो तो खालचा. या रीतीनें खालचा आंकडा सर्व डॉक्टरांच्या हातीं सुलभपणें आला.

खालचा आंकडा चढतो तेव्हां

वरचा १२० च्या आंत व खालचा ८० च्या आंत असणें हें मोठ्या माणसास उत्तम. खालचा ८० ते ८९ च्या मध्यें असेल तर सावध राहावें. दवाखान्यांत निरनिराळ्या दिवशीं मोजूनहि तो ९० किंवा अधिक येत असेल, तर वरचा कितीहि चांगला असला तरी तो वाढलेला रक्तदाबच होय. दोहोंपैकीं एक आंकडा बिघडला तरी उतारा बिघडला, असें समजावें.

एकटा खालचा आंकडा वाढण्याचा प्रकार म्हाताऱ्यांपेक्षां तिशी, चाळिशी व पन्नाशीच्या माणसांत अधिक दिसतो. पोट सुटलेलें असणें, दारू, फार मीठ, बैठें काम, झोपेंत घोरतां घोरतां श्वास अडकणें, हीं त्याचीं नेहमींचीं कारणें आहेत. कधीं मूत्रपिंडाचा विकार किंवा गळ्यांतील थायरॉइड ग्रंथीचें काम मंदावणें हेंहि मूळ असतें; म्हणून डॉक्टर रक्त व लघवी तपासण्यास सांगतात तें खर्च वाढविण्यासाठीं नव्हे. गर्भार स्त्रीचा खालचा आंकडा ९० वर गेला तर आठ दिवसांची वाट न पाहतां त्याच दिवशीं तिला दवाखान्यांत न्यावें. तेथें दोन जिवांचा प्रश्न असतो.

हा दाब दुखत नाहीं, हेंच त्याचें कपट आहे. हृदय विसावलें असतांहि धमन्यांवरचा ताण उतरत नसल्यानें मेंदूच्या, डोळ्यांच्या व मूत्रपिंडांच्या बारीक वाहिन्या रात्रंदिवस झिजत राहतात. तो उतरविल्यानें खरोखर लाभ होतो काय, याविषयीं एके काळीं डॉक्टरांतहि मतभेद होता. अमेरिकेंतील एडवर्ड फ्रीस व त्यांच्या सहकाऱ्यांनीं माजी सैनिकांच्या दवाखान्यांत याची कसोटी पाहिली. ज्यांचा खालचा आंकडा ११५ ते १२९ होता अशा १४३ पुरुषांचे चिठ्ठ्या टाकाव्या तसे दोन गट केले. एकास औषध दिलें, दुसऱ्यास औषधासारखी दिसणारी पोकळ गोळी. १९६७ मध्यें निकाल प्रसिद्ध झाला तो असा: पोकळ गोळीच्या गटांत २७ जणांस गंभीर उपद्रव झाले व ४ जण दगावले; औषधाच्या गटांत उपद्रव २ जणांस झाले व मृत्यु एकहि नाहीं. ध्यानांत घ्या कीं हे रोगी खालच्याच आंकड्यावरून निवडले होते.

त्या औषधांपैकीं एक रिसर्पिन हें होतें, व तें सर्पगंधेच्या मुळांतून निघतें. या मुळाचा रक्तदाबावरील गुण मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनीं १९४९ मध्यें इंग्रजी वैद्यक नियतकालिकांत लिहून जगाच्या नजरेस आणून दिला. परंतु यावरून कोणीं बांधावरची सर्पगंधा उकळून पिऊं नये. मुळांत औषधाचा अंश किती आहे तें डोळ्यांनीं दिसत नाहीं, आणि त्यानें मन अतिशय खिन्न होण्याचा संभव असल्यामुळें आतां डॉक्टरहि तें क्वचितच देतात. याहून सुरक्षित औषधें आज मिळतात.

खालचा आंकडा उतरतो तेव्हां

आतां तिसऱ्या प्रकाराची हकीकत सांगतों. ती सांगतांना आम्हांस अजून वाईट वाटतें. आमचे थोरले चुलतबंधू, ज्यांस आम्ही दादा म्हणतों, त्यांचें वय ७४. त्यांस गोळी चालू होती. दोन वर्षांपूर्वीं त्यांचा दाब निघाला १६८/६२. ओसरीवर बसून दादा आम्हांस म्हणाले, "अरे, वरचा जास्त आणि खालचा कमी. दोहोंची बेरीज करून निम्मी केली तर ११५ येतात. मग आजार कसला? गोळी उगाच खालचा पाडते आहे. मी ती बंद केली." जन्मभर बेरजा-वजाबाक्या करून केस पांढरे केलेले आम्ही त्या हिशेबापुढें निरुत्तर झालों. "दादा, डॉक्टरांस एकदां विचारा," एवढेंहि तोंडून निघालें नाहीं. पुढच्या मृगांत पेरणी तोंडावर आली असतां एके पहाटे त्यांची उजवी बाजू लुळी पडली व वाचा गेली. वाचा पुष्कळ परत आली. हात आला नाहीं. त्या वर्षापासून पाभर मुलें धरतात, आणि दादा बांधावर खाटेवर बसून पाहतात. गोळी चालू असती तर हें टळतेंच असें कोणी सांगूं शकणार नाहीं. परंतु टळण्याचा संभव पुष्कळ होता, हें मात्र डॉक्टरांनीं स्पष्ट सांगितलें.

दादांच्या हिशेबांत चूक कोठें होती? या दोन आंकड्यांची फिटाफीट होत नाहीं. अमेरिकेंतील फ्रेमिंगहॅम या गांवीं १९४८ पासून तेथील रहिवाशांच्या हृदयाची पाहणी चालत आली आहे. तींत असें दिसून आलें कीं, खालचा आंकडा साधारण पन्नाशीपर्यंत वाढतो व नंतर उतरूं लागतो. वरचा मात्र चढतच राहतो. म्हणून साठीनंतर खालचा आपोआप उतरला तर रोग बरा झाला असें मानूं नये. दोन आंकड्यांतील अंतर वाढणें म्हणजे नळकांड्यांतील हवा गेल्याची खूण आहे. १६८ व ६२ हे दोन्ही आंकडे एकच गोष्ट सांगत होते, कीं धमन्या ताठर झाल्या आहेत.

खालचा आंकडा फार उतरणें हेंहि निर्धोक नव्हे. हृदयाच्या स्वतःच्या मांसास जें रक्त मिळतें तें मुख्यतः हृदय विसावलें असतां, म्हणजे खालच्या आंकड्याच्याच बळावर मिळतें. म्हणून ज्यांस हृदयविकार आहे अशा वृद्धांचा खालचा आंकडा ६० च्या खालीं जात असेल, किंवा उठून उभें राहतांना डोळ्यांपुढें अंधारी येत असेल, तर तें डॉक्टरांस अवश्य सांगावें. औषध कमी करावयाचें, बदलावयाचें कीं तसेंच ठेवावयाचें, तें त्यांनीं ठरवावें. आपल्या मनानें गोळी सोडणें हा उपाय नव्हे. तरुण व धडधाकट माणसाचा आंकडा मुळांतच थोडा कमी असेल व त्यास कांहीं त्रास नसेल, तर त्यानें घाबरण्याचें कारण नाहीं.

मोजण्याची रीत

खोट्या मापानें धान्य मोजून जसा हिशेब जुळत नाहीं, तसाच चुकीच्या रीतीनें मोजलेला दाबहि फसवितो. मोजण्यापूर्वीं अर्धा तास चहा, तंबाखू व श्रम वर्ज्य करावे. लघवीस जाऊन यावें. पाठ टेकून, पाय जमिनीवर सरळ ठेवून पांच मिनिटें स्वस्थ बसावें. मांडीवर मांडी घेऊं नये व बोलूं नये. दंड उघडा असावा, आणि हात टेबलावर हृदयाच्या उंचीवर टेकलेला असावा. पाठीस टेका नसेल तर खालचा आंकडा सहा-एक मिलिमीटर जास्त निघतो, आणि हात खालीं लोंबत असेल तर दोन्ही आंकडे फुगतात. शेतांत राबून ज्यांचे दंड भरदार झाले आहेत त्यांनीं मोठा पट्टा मागून घ्यावा. आंखूड पट्ट्यानें दाब उगाच जास्त दिसतो. एक-दोन मिनिटांच्या अंतरानें दोनदां मोजावें, आणि पहिल्या खेपेस दोन्ही हातांवर मोजावें.

हल्लीं दंडास बांधावयाचें विजेरीचें यंत्र घरींहि ठेवतां येतें. घरच्या मोजणींत १३५/८५ ही हद्द धरितात. आम्हीं एक वही केली आहे. तींत तारीख, वेळ, वरचा, खालचा व नाडी असे पांच रकाने आहेत. डॉक्टरांकडे जातांना ती वही बरोबर नेतों. एका दिवसाच्या आंकड्यावर ते निर्णय देत नाहींत, पण आठ दिवसांच्या नोंदीवर देतात.

उपाय

पहिला उपाय मीठ. दिवसाकाठीं पांच ग्रॅमच्या आंत, म्हणजे सपाट चहाच्या चमच्याएवढें मीठ पुरे, असें जागतिक आरोग्य संघटनेचें म्हणणें आहे; आणि यांत लोणचें, पापड, ठेचा, सुकी मासळी व फरसाण यांतील मीठहि धरावयाचें. आमच्या घरीं मिठाचें सट ताटापासून दूर गेलें व लोणच्याची बरणी फडताळांत वर चढली. पहिले पंधरा दिवस भाजी पाणचट लागली. पुढें जीभ सरावली. पूर्वीं ज्या आमटीस आम्ही नांवें ठेविलीं असतीं, तीच आतां चवदार लागते.

दुसरा उपाय दारू व तंबाखू सोडणें. दारूनें दाब वाढतो. तंबाखू व मशेरी नाडी जलद करितात व वाहिन्या आवळतात. म्हणजे दांडाहि घाईनें मारला व नोझलहि बुजविलें. तिसरा उपाय वजन उतरविणें. चौथा चालणें. "आम्ही शेतकरी, आम्हांस व्यायाम कशास?" असें पुष्कळ म्हणतील. परंतु ट्रॅक्टर, विजेची मोटर व मोटरसायकल आल्यापासून जमीनदार शेतकऱ्याचे पाय किती चालतात, तें ज्यानें त्यानें आपल्या मनास विचारावें. आठवड्यांतून पांच दिवस अर्धा तास झपाझप चालावें.

पांचवी गोष्ट फार थोड्यांस ठाऊक असते. कंबर किंवा गुडघा दुखतो म्हणून दुकानांतून आणलेल्या डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या वारंवार घेतल्यानें दाब वाढतो, औषधाचा गुण कमी पडतो व मूत्रपिंडास इजा पोंचते. आम्हींहि काढणीच्या दिवसांत त्या मूठमूठ घेतल्या होत्या. वेदना असह्य असेल तर दाबाचा विकार सांगून डॉक्टरांकडूनच गोळी लिहून घ्यावी.

एवढें करूनहि आंकडा उतरला नाहीं, अथवा मुळांतच फार असला, तर औषध घ्यावें. अम्लोडिपीन, टेल्मिसार्टन, क्लोरथॅलिडोन हीं आज सर्रास वापरांत असलेलीं औषधें महाग नाहींत. २०१७ मध्यें आपल्या देशांत उच्च रक्तदाब नियंत्रणाचा जो सरकारी उपक्रम सुरू झाला, त्याच्या आरंभीच्या जिल्ह्यांत महाराष्ट्रांतील भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग व वर्धा हे होते. प्राथमिक आरोग्य केंद्रांत व उपकेंद्रांत दाब मोजून औषध देण्याची रीत त्यांतून पसरली. मूल होण्याच्या वयाच्या स्त्रियांनीं मात्र औषध सुरू करितांना तसें डॉक्टरांस आधीं सांगावें, कारण यांतील कांहीं गर्भास अपायकारक आहेत. पायांस सूज, चक्कर, असा कांहीं त्रास झाला तर तो सांगून औषध बदलून घ्यावें. दाब बरोबर आला म्हणून गोळी सोडणें म्हणजे बांधामुळें पाणी अडलें म्हणून बांधच फोडून टाकण्यासारखें आहे.

शेवटीं एक सूचना. दाब १८०/१२० च्या आसपास किंवा वर गेला असून छातींत दुखणें, धाप, दृष्टि अंधुक होणें, बोलणें अडखळणें किंवा एका बाजूची शक्ति जाणें यांपैकीं कांहींहि होत असेल, तर घरगुती उपायांत क्षणभरहि न दवडतां मोठ्या दवाखान्याची वाट धरावी.

आमचा दाब आतां बहुधा १२८/८० च्या जवळपास राहतो. लघवींतील प्रथिनें कमी झालीं आहेत, पण गेलीं नाहींत. तो बोजा आमच्या उताऱ्यावर कायमचाच चढला. वाचकांच्या घरीं जी चिठ्ठी कोठेंतरी घडी करून ठेविली असेल, ती त्यांनीं आजच काढून पाहावी, आणि तिरप्या रेघेच्या खालीं काय लिहिलें आहे तें वाचावें. तेथें ९० किंवा अधिक असेल, तर उद्यां सकाळीं शेतावर जाण्यापूर्वीं उपकेंद्रावरून जावें. सुज्ञांस याहून अधिक सांगणें नलगे.